न मिळालेले तीन गुण

मी आज जो काही आहे तो भानुदास सरांमुळे. आमच्या भागात कबड्डी त्यांनी रुजवली. सायकलवर गावोगाव जाऊन मैदानं आखली. चुना मिळाला नाही तर चुलीतल्या राखेने. बौद्धवस्तीतल्या मला गावच्या संघात घेतलं ते त्यांनीच.

एका दुष्काळात साखर कारखान्याने नेकनूरजवळ सामने भरवले. प्यायला पाणी नव्हतं, पण मैदानावर शिंपडायला कारखान्याचा टँकर आला. समोरच्या संघात चेअरमनचा मुलगा. पंच भानुदास सर.

शेवटची चढाई माझी. दोन गुणांनी मागे होतो. आत घुसलो. एकाच्या छातीला हात लावला, दोघांच्या दंडाला. रेषेवर परत आलो. मला कुणी धरलं नाही. त्या दिवशी एकदाही कुणी धरलं नव्हतं.

तिघेही जागचे हलले नाहीत.

"शिवला न्हाई बे," चेअरमनचा मुलगा म्हणाला.

"लागला, सर. तिघांना लागला."

"लागला म्हणलं तर आंगूळ करावी लागंल. पाणी हाय का गावात?"

मैदान हसलं. माझ्या संघातलेही हसले.

सर चार हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी चेअरमनच्या खुर्चीकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली. "कुणी बाद नाही."

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लेकरा, टँकर त्यांचा हाय. सामने बंद पडले तर तुमी खेळणार कुठं?"

मी मान डोलावली. पदवी घेतली, नोकरी लागली, तरी डोलावत राहिलो.

आता कारखाना बंद आहे. मैदानात बाभळी आहेत. पोरं ऊसतोडीला जातात. सरांच्या पंच्याहत्तरीचा गौरव अंक मात्र निघतो आहे. संपादक चेअरमनचा तोच मुलगा. त्याने माझ्याकडून लेख मागवला आणि हा सामना कापून परत पाठवला. "सरांना वाईट वाटंल," म्हणाला.

त्याच दिवशी मी सरांना पत्र टाकलं.

"आदरणीय सर, सा. न.
माझे पहिले बूट तुम्ही घेतले, कॉलेजची फी तुम्ही भरली. ते लिहिलं आहे. माझा हात तिघांना लागला आणि तुम्ही तो पाहिला, हेही लिहिलं आहे. अर्धा लेख छापायला मी नकार दिला आहे. सत्काराला येणार नाही. तुम्ही काही बोलाल अशी आशा उरलेली नाही. पण जिथे तुमचं नाव निघेल तिथे मी तुमचे उपकार सांगेन, आणि ती शिट्टीही सांगेन. तुमच्या माघारीसुद्धा.
आपला विद्यार्थी."