ग्रीनलंडचं आभाळ, अकोल्याची गच्ची

आमची मुलगी मुग्धा ग्रीनलंडमध्ये राहून बर्फ किती वितळतो ते मोजते. काल व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा उतरलेला होता.

“काय गं, काय झालं?” हिनं विचारलं.

“आई, इथे आभाळ भरून आलंय.”

“मग बरंच की! ऊन नाही म्हणजे बर्फ टिकेल.”

“नाही गं. ढग गोधडीसारखे पसरतात, खालची ऊब वर जाऊ देत नाहीत. एरवी रात्री पुन्हा गोठणारं पाणी वाहतच राहतं. आमचे मोजणीचे खांब कलायला लागलेत. पडले तर सगळ्या हंगामाचं काम गेलं.”

अकोल्याच्या मे महिन्यात आम्ही ढगाच्या तुकड्यासाठी आसुसलेले, आणि तिकडे तोच बर्फाच्या जिवावर उठलेला. मला वाटायचं, हिमनद्या फक्त साऱ्या जगाच्या तापानं वितळतात. त्यांनाही आजचं आभाळ कसं आहे ते रोज बघावं लागतं, हे मला नवीनच होतं.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून ही म्हणाली, “देवा, लेकीकडचे ढग आमच्याकडे पाठव.”

“अगं, गच्चीवर तुझ्या कुरडया वाळताहेत,” मी म्हणालो.

“वाळतील पुन्हा.” पण आवाज जरा पडलाच.

आज दुपारी अकोल्यावर खरंच ढग दाटले. मऊ पडलेल्या कुरडया आम्ही दोघांनी घरात आणल्या आणि हिनं मोठ्या उत्साहानं फोन लावला.

“आई, इथे अजून ढगाळच आहे,” मुग्धा म्हणाली. “पण खांब आम्ही पुन्हा खोल रोवलेत.”

फोन ठेवून हिनं खिडकीतून बराच वेळ वर पाहिलं.

“देवानं पाठवले तर खरे,” ही म्हणाली, “पण हे दुसऱ्याच कुणाचे दिसतात.”