पाठवणीची गाडी

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात माझी गाडी पुसत होतो. हातातलं फडकं तसंच धरून समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती पांढरी एट हंड्रेड नेहमीसारखी चकचकीत उभी होती. जन्माचा मित्र गेला आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता हिचं काय होणार? दिगूला कळलं असतं तर तो हसला असता. माझा जळकेपणा त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

परभणीत आम्ही एकाच कचेरीत कारकून. साध्या माणसाला परवडेल अशी छोटी मोटार निघणार म्हणून देशभर नोंदणी सुरू झाली, तेव्हा दोघांनी एकाच दिवशी नाव घातलं. सोडतीत त्याचा नंबर वर लागला. माझा इतका खाली, की वाट पाहता पाहता बहिणीचं लग्न निघालं आणि मी नोंदणी काढून घेतली. दिगूनं औरंगाबादहून गाडी आणली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. आतल्या काही भागांवर जपानी अक्षरं होती, ती तो प्रत्येकाला बॉनेट उघडून दाखवायचा. मी तेव्हा स्कूटरवाला. पेढा खाल्ला, पण गोड लागला नाही.

पुढे गल्लीतल्या एका लग्नात पाठवणीसाठी ठरवलेली जीप आलीच नाही. दिगूनं नवरानवरीला मागच्या सीटवर बसवलं आणि सासरी पोचवून आला. त्या मुलीचा संसार सुखाचा झाला, आणि बायकांनी ठरवूनच टाकलं की गाडी लाभाची आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीतली प्रत्येक मुलगी त्याच गाडीतून सासरी गेली. मधल्या काळात मीही मोटार घेतली होती, त्याच्याहून मोठी, एसीची. माझ्या शुभदाच्या लग्नात ती गुलाबांनी मढवली. ऐन निघायच्या वेळी पोरगी म्हणाली, “पप्पा, मी काकांच्याच गाडीत जाते.” माझी गाडी मांडवाबाहेर नटूनथटून तशीच उभी राहिली. बापानं लेकीसोबत जायचं नसतं… म्हणजे गंगाखेडपर्यंतची ती सगळी वाट दिगूच्या वाट्याला आली. ती रडली का, माझं नाव काढलं का, हे मी त्याला वर्षानुवर्षं विचारत राहिलो. त्याचं उत्तर ठरलेलं.

“झोपली होती लेका. पुन्हा पुन्हा काय विचारायलास?”

अलीकडे या गाड्यांना वेगळेच दिवस आलेत. लोकांनी ज्या भंगारात घातल्या, त्याच आता शौकीन मंडळी गावोगाव शोधत फिरतात. मूळ रंग, मूळ सीटा, जुन्या मालिकेचा नंबर असला की विचारायलाच नको. दिगूनं तर साधा रेडिओही बसवला नव्हता. पुण्याचा एक तरुण दोनदा येऊन, चोकची मूठ ओढून, गाडीखाली वाकून पाहून गेला. दिगूनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मीसुद्धा दर दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवता ठेवता विचारायचो, मला देतोस का? तो त्याच्या गाडीला हार घालायचा आणि उरलेली फुलं माझ्या गाडीवर ठेवायचा. उरलेली.

दहाव्याला शुभदा आली ती घरात न शिरता सरळ शेडमध्ये गेली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मी दाराशी उभा राहून तिलाच विचारलं, त्या दिवशी झोपली होतीस का गं?

“कुठलं झोपते, पप्पा. अर्ध्या वाटेवरच्या दैठण्यापर्यंत नुसती रडत होते. काकांनी आरसा वर छताकडे फिरवला, मी त्यांना दिसू नये म्हणून. एक शब्द बोलले नाहीत.”

मी चालवत असतो तर आरशातून सारखा तिच्याकडेच बघत राहिलो असतो. गाडी आली त्या दिवशीही दिगूचा इतका हेवा वाटला नव्हता.

परवा पुण्याचा तो तरुण पुन्हा आला. दिगूच्या बायकोनं, वहिनींनी, त्याला परत पाठवलं आणि किल्ली घेऊन माझ्याकडे आल्या. “भाऊजी, कोपऱ्यावरच्या पूजाची पाठवणी हाय पुढल्या महिन्यात. गाडी तुमीच न्यायची.”

इतकी वर्षं हवी होती ती किल्ली हातात आली. मी शेडमध्ये जाऊन बसलो. चोक ओढला, दुसऱ्या फटक्यात इंजिन लागलं. गाडी मागं घ्यायची म्हणून वर पाहिलं, तर आरशात छताचं कापड. शेवटची फेरी त्यानं उन्हाळ्यात एका पाठवणीचीच केली होती, त्यानंतर दुखण्यानं धरलं. परतीच्या रिकाम्या वाटेवरही त्यानं तो सरळ केला नव्हता… माझा हात आपोआप वर गेला, आरशाला लागला, आणि खाली आला. खिडकीतून मान बाहेर काढून मी गाडी हळूहळू मागं घेतली.

गाडी मिळाली रे दिग्या. आरसा अजून तुझाच आहे.