झोळीचा पन्हा

झोपेसाठी इतका जागलेला माणूस अख्ख्या मध्यप्रांतात दुसरा झाला नसेल. ते माझ्या आत्याचे यजमान. खरं तर माझे आतोबा, पण जबलपुरात मराठी घरांतूनसुद्धा आत्याचा नवरा फूफाजीच होतो, तेव्हा मीही त्यांना फूफाजीच म्हणायचो. तंबू शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कापड तपासायला होते. आलेल्या ताग्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजायची, वीण डोळ्याजवळ धरायची, दोन्ही हातांनी ओढून ताण बघायचा आणि पसंत पडला नाही तर तागा परत धाडायचा, हे काम त्यांनी पंचवीसेक वर्षं केलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर ते थांबवायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

इतर माणसं भेटल्यावर रामराम करतात, फूफाजी बाही चाचपत. तुमच्या सदऱ्याची बाही अंगठ्यात आणि बोटात धरून चोळायची, "हं, धुलाईत आटलाय," असं पुटपुटायचं आणि मग प्रकृती विचारायची. माझी मास्तरकीतली बदली नागपूरहून जबलपूरला झाली आणि मी वळकटी घेऊन त्यांच्या दारात उतरलो, तेव्हा त्यांनी आधी वळकटीतल्या सतरंजीची कड उलटून पाहिली, मग मला घरात घेतलं. एकदा एका लग्नात ते नेमके अंतरपाटाशेजारी उभे राहिले. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांनी अंतरपाटाचं टोक हळूच हातात घेतलं, चौथ्याला ओढून बघितलं आणि भटजी सावधान सावधान म्हणत असताना वरबापाच्या कानाशी लागून सांगितलं, "कपडा अच्छा आहे, पण विणीत दम नाही." त्या घराशी पुन्हा तिळगुळाचे संबंध यायला दोन संक्रांती जाव्या लागल्या.

पण हे सगळं किरकोळ. खरं वेड झोळीचं. लेकराला जशी लुगड्याची झोळी बांधतात तशी थोरामोठ्यांनी झोपायची झोळी, आणि तिच्यामागे कारण होती माझी आत्या. आत्याला दमा होता. आडवी झाली की छातीत घरघर सुरू व्हायची, म्हणून ती कित्येक वर्षं भिंतीला लोड लावून बसल्या बसल्याच डुलक्या काढत आली होती. वैद्य झाले, डॉक्टर झाले, ग्वारीघाटावरचे एक बाबाही झाले. फूफाजींचं म्हणणं होतं, की डोकं वर, पाय जरासे वर आणि पाठ मात्र सपाट अशी जागा मिळाली तर आत्याला झोप लागणारच, आणि तशी जागा पलंगावर नाही, झोळीत आहे. आत्याचं म्हणणं होतं, की ती मेली तरी झोळीत पाऊल ठेवणार नाही. मी त्या घरात राहायला गेलो तेव्हा या तंट्याला सहा वर्षं झाली होती आणि दोघांपैकी कोणीही तसूभर हललेलं नव्हतं.

पडवीच्या तुळईला एक जुनी कडी होती, तिच्या शेजारी फूफाजींनी आणखी तीन ठोकून घेतल्या होत्या. दोन कड्यांवर त्यांची स्वतःची खादीची झोळी, जिचा झोका थांबला की त्यांची झोप मोडायची, आणि दोन कड्यांवर आत्यासाठी चाललेला प्रयोग. आत्या झोपायला तयार नाही म्हटल्यावर दुसरं कोणीतरी झोपून बघणं भाग होतं, आणि रविवारी दुपारी जेवण झालं की ते काम माझ्याकडे यायचं. पहिला प्रयोग तंबूच्या कॅनव्हासचा. एप्रिल महिना. अर्ध्या तासाने मी बाहेर निघालो तेव्हा आत्याने न विचारता दोन तांबे पाणी पुढे केलं. फूफाजींनी प्रयोगांच्या वहीत लिहिलं, "मजबूत. वारा नाही." मग वाऱ्यासाठी त्यांनी बरगीच्या एका मासे धरणाऱ्याकडून जाळं विणून आणलं आणि उकडतंय म्हणून उघड्या अंगाने स्वतःच त्यात दोन तास पडले. तिथून उठून, खांद्यावर उपरणं टाकून, ते थेट शेजारच्या सत्यनारायणाला गेले. पाठभर शंकरपाळ्यांच्या चौकटी उमटलेल्या. मागे बसलेल्या बायकांपैकी एकीलाही साधुवाण्याच्या नावेचं पुढे काय झालं ते घरी जाऊन सांगता आलं नाही. लढाई संपली तसं पॅराशूटचं रेशीम बाजारात आलं, तेही त्यांनी आणलं. त्या झोळीत मी एका बाजूने शिरलो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलो. वहीत नोंद झाली, "गुळगुळीत. माणूस टिकत नाही."

कापडाहून मोठा प्रश्न पन्ह्याचा. तो समजावताना फूफाजी केळं घेत. "हे पाहा मास्तर. झोळी अरुंद असली की माणसाचं असं केळं होते. पाठ वाकली, मान वाकली, दम घुटला. काहून? कारण लोक झोळीत सरळ झोपतात. झोळी रुंद पाहिजे आणि माणूस तिरका पाहिजे. डोकं या कोपऱ्यात, पाय त्या कोपऱ्यात. मग पाठ सपाट राहते. माणसाच्या उंचीहून वीतभर जास्त, तेवढा पन्हा." हे प्रवचन चहाच्या वेळी चाले आणि ते झाल्यावर हातातलं केळं पाहुण्यापुढे ठेवलं जाई. ते खायचं की आणखी काही शिकायचं, हे पाहुण्याला कळत नसे. आल्यागेल्याला पाणी मिळण्याआधी टेप लागे. एका उपवर मुलीचा बाप माझी चौकशी करायला आला, तर फूफाजींनी त्याचीच उंची घेतली आणि "तुम्हाला सहा फूट पन्हा लागेल, आणून ठेवतो," असं आश्वासन दिलं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

आमचे हेडमास्तर मात्र आले. माणूस अत्यंत करडा. मी परीक्षेचे पेपर तपासून दिले नव्हते म्हणून एका रविवारी भर दुपारी ते जाब विचारायला दारात उभे राहिले. मी सदरा शोधायला आत गेलो, तेवढ्यात फूफाजींनी त्यांना गाठलं. "साहब, सिर्फ दो मिनट. लेटना भर है. तिरछे." मी बाहेर येऊन बघतो तो हेडमास्तर झोळीत तिरके पडलेले, टोपी पोटावर आणि तोंड उघडं. पाच वाजता उठले, घड्याळ बघितलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. मंगळवारी त्यांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. आता पेपरांचं निघणार म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो, तर त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीवर एवढंच होतं : पाच फूट सात इंच.

सगळ्या जबलपूरला झोप लागत होती, फक्त आत्या भिंतीला टेकून बसलेली होती. तिचा झोळीवर एवढा राग, की रोज सकाळी फूफाजी कारखान्यात गेले रे गेले की ती दोन्ही झोळ्या गोळा करून सुतळीने करकचून बांधून टाकायची. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तशी रिकामी झोळीही वाऱ्याने हलू नये, लेकराच्या पोटात दुखतं. कोणत्या लेकराच्या, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या घरात लेकरू झालंच नव्हतं. संध्याकाळी फूफाजी येऊन निमूटपणे सुतळी सोडत. एकदा मीच न राहवून म्हटलं, "आत्या, एकदा पडून तर बघ. नाही आवडलं तर उठ." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ती जुनी कडी दिसते ना? सासूबाईंनी ठोकून घेतली होती, मी लग्न होऊन आली त्या वर्षी. इथं झोळी टांगू म्हणे. नाही टांगली गेली. आता म्हातारपणी मीच जाऊन पडू त्यात? बायका काय म्हणतील?" फूफाजी पलीकडे टेप गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवशी वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही.

पुढच्या थंडीत आत्याचा दमा फार वाढला. डॉक्टरांनी फूफाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की अशीच झोप मिळाली नाही तर यांचं हृदय किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. तेव्हापासून फूफाजींची बडबड आटली. बाह्या चाचपणं थांबलं. सिहोऱ्याचा बाजार झाला, पाटनला एका विणकराकडे दोन खेपा झाल्या, पण हवं ते कापड मिळेना. "नवं कापड टोचते मास्तर," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं धुतलेलं पाहिजे. तेवढा वेळ कुठं आहे आपल्याजवळ?" इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आत्याला जरा बरं वाटत होतं, म्हणून शेजारणी तिला टांग्यात घालून नर्मदेच्या दर्शनाला घेऊन गेल्या. ती गेल्याबरोबर फूफाजींनी तिची पेटी उघडली आणि डोळे मिटून आत हात घातला. एकेक लुगडं चाचपत ते तळापर्यंत गेले आणि तिथे त्यांचा हात थांबला. वर काढलं तर हिरव्या रंगाचं, तांबड्या काठाचं, दुधाच्या सायीसारखं मऊ झालेलं जुनं लुगडं. त्याच्या जोडीला आत्याच्या नेहमीच्या वापरातलं एक घेऊन त्यांनी दोन्हींची कडेला कड लावली आणि दुपारपर्यंत बारीक टाके घालून झोळी शिवून जुन्या आणि तिच्या शेजारच्या कडीला टांगलीसुद्धा. शेवटची गाठ आवळली असेल-नसेल, तोच टांगा दाराशी थांबला.

आत्याने दारातूनच तो तांबडा काठ ओळखला. जवळ आली, हात लावून बघितला आणि म्हणाली, "हे कुठून काढलं?"

"पेटीतून. तळाशी होतं. अगं, सारा मुलूख पालथा घातला अन् घरातच..."

"आईचं आहे ते," आत्या म्हणाली. "मी सासरी निघाली तेव्हा दिलं होतं. झोळीसाठी ठेव म्हणून."

आपल्याकडे आई लेकीला असं लुगडं देते. नेसून नेसून मऊ झालेलं, होणाऱ्या नातवाच्या अंगाला टोचू नये म्हणून. आत्याने ते तीस वर्षं कडुनिंबाचा पाला घालून जपलं होतं, आणि कापड म्हटलं की ज्यांच्या बोटांना सगळं कळायचं त्या फूफाजींना ते कोणाचं आहे एवढं आठवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. "मला खरंच ध्यानात नाही आलं गं. हाताला मऊ लागलं, घेतलं. थांब, उसवून देतो. आत्ताच्या आत्ता उसवतो." ते खाली बसून टाका शोधायला लागले, पण टाके त्यांनीच इतके बारीक घातलेले, की सापडेनात.

"कात्री लावली काय?" आत्याने विचारलं.

"नाही, नाही. नुसती कड सांधली."

आत्या बराच वेळ काठावरून हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "राहू द्या. नका उसवू." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबू, जरा हात दे रे."

मी हात दिला. ती झोळीत बसली, पदर सावरला आणि पाय वर घेतले. फूफाजी जमिनीवरूनच घाईघाईने म्हणाले, "तिरकी हो. डोकं या कोपऱ्याला..."

"समजते मला. इतकी वर्षं ऐकून राहिली," आत्या म्हणाली आणि तिरकी झाली.

ती दीडच्या सुमाराला झोपली, ती दिवे लागेपर्यंत. घरघर नाही, खोकला नाही. फूफाजी उंबऱ्यावर जाऊन बसले आणि अख्ख्या गल्लीवर त्यांनी पहारा ठेवला. बोरं विकणारी आली, तिला दोन्ही हात जोडले. टांगेवाल्याला थांबवून सांगितलं, "भैया, जरा धीरे. सो रही हैं." शेजाऱ्यांच्या बकरीने तोंड उघडलं तर तिच्यापुढे आमच्या रात्रीच्या भाजीची अख्खी मेथी टाकली. आत्या जागी झाली आणि तिने चहा झाला का म्हणून विचारलं, तेव्हा ते उठून आत गेले आणि मला वाटतं थोडा वेळ रडले. वहीत त्यांनी त्या दिवशी पन्हा लिहिला नाही, कापड लिहिलं नाही. एकच शब्द लिहिला, "झोपली."

त्यानंतर आत्या रोज त्या झोळीत झोपू लागली आणि बायका काही म्हणाल्या असतील तर ते तिच्या कानावर आलं नाही. फूफाजींची बडबड आणि बाह्या चाचपणं दुप्पट जोराने सुरू झालं. रिकाम्या झोळीचा नियम मात्र आत्याने सोडला नाही. आपली आणि त्यांची, दोन्ही झोळ्या ती रोज सकाळी सुतळीने बांधायचीच. मग माझी बदली वर्ध्याला झाली. प्रांताची पाटी बदलली, आमच्या वह्यांवरचे शिक्के बदलले, आणि एका वर्षी पत्र आलं, की फूफाजी गेले. दुपारी जेवून झोळीत तिरके पडले होते, ते उठलेच नाहीत.

मला जायला दिवाळीची सुट्टी उजाडली. पोचलो तेव्हा दुपार होती. आत्या आपल्या झोळीत पडली होती, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी फूफाजींची खादीची झोळी, सुतळी सोडलेली, रिकामी, आणि आत्या एक पाय बाहेर काढून तिला हळूहळू झोका देत होती. मी चकित होऊन म्हणालो, "आत्या, रिकामी झोळी हलवून राहिलीस?"

"हलू दे," ती म्हणाली. "त्यांना थांबलेली चालत नव्हती." मग माझी बाही बोटांत धरून तिने जराशी चोळली आणि म्हणाली, "चांगलं आहे कापड. बस. मी थोडी पडते."

तिचा डोळा लागला. पाय मात्र अधूनमधून हलत होता. मला फूफाजींची इतकी आठवण आली, की घरात बसवेना. मी उंबऱ्यावर त्यांच्या जागी जाऊन बसलो. थोड्या वेळाने एक टांगा खडखडत आला, तेव्हा मी उठून हात वर केला आणि म्हणालो, "भैया, जरा धीरे. सो रही हैं."