मावशीने भोपळ्याला गॉगल घातला

चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं भिंगं घासून मावशीची अशी गत झाली होती, की ती माणसाचं नाव विसरायची, पण नंबर नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं, की तोंडातून निघायचं, "या या, वजा सव्वादोन!" लग्न तिनं केलं नाही. "रोज एवढ्यांच्या डोळ्यांत डोळे घालते, आणखी किती घालू?" म्हणायची.

एका शनिवारी भाची दुकानात आली. विमा कंपनीत नोकरी आणि नवंच लागलेलं एअरसॉफ्टचं वेड. म्हणजे दोन गटांनी लुटुपुटुच्या बंदुकांतून एकमेकांवर वाटाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडायच्या. लागली, की मुकाट हात वर करून बाहेर.

"मावशी, कसा दिसतो?" तिनं काळा, ऐटबाज गॉगल चढवला.

"दिसतो झकास. पण तुला उद्या काही दिसेल का, ते सांगता येत नाही."

"अगं, दुकानदार म्हणाला, मजबूत आहे."

"मीही दुकानदारच आहे. आम्ही सगळे तेच म्हणतो. उद्या बंदूक घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या अंगणात मावशीनं स्टुलावर भोपळा ठेवला आणि त्याला तो गॉगल घातला. दोघींनी अख्खा चेहरा झाकणारे कारखान्यातले मुखवटे चढवले आणि भाचीनं नेम धरला. ठाक! भिंग तडकलं आणि त्याची कपची भोपळ्यात रुतली. भाचीचा चेहरा पडला.

मग तिनं पिशवीतून मैत्रिणीचा, भिंगांऐवजी तारेची जाळी असलेला गॉगल काढला. "यावर वाफ धरत नाही." गोळी जाळीवर फुटली आणि चुरा आत गेला.

"ही चाळणी पिठाला ठेव," मावशी म्हणाली आणि रुबाबात स्वतःच्या दुकानातला जाड भिंगांचा चष्मा पुढे केला. समोरून गोळी लागली, भिंग हललंही नाही. मावशीनं कॉलर ताठ केली.

"आता बाजूनं मारू?" भाचीनं विचारलं.

गोळी कानशिलाजवळच्या फटीतून थेट आत! भाची पोट धरून हसली. मावशीनं स्वतःचे कान पकडले. मग सगळीकडून रबरानं चपखल बसणारा, आघात सोसण्याच्या चाचणीचा शिक्का असलेला गॉगल आणवला. पाच गोळ्या झाल्या, भोपळा सुखरूप.

"पण यावर वाफ धरेल. मग मी काढणार," भाची म्हणाली.

"मैदानात काढायचा नाही!"

"तू घालून धावून बघ, मग बोल."

मावशीला ते झोंबलं. पुढच्या रविवारी ती स्वतः मैदानात उतरली. दहा मिनिटांत समोर सगळं धुकं. हात आपसूक गॉगलच्या पट्ट्याकडे गेला, आणि तिला भाचीचं म्हणणं पटलं. हात वर करून ती चाचपडत बाहेर निघाली; तरी कुण्या उत्साही वीरानं पार्श्वभागावर दोन गोळ्या हाणल्याच.

आठवडाभर चार दुकानं पालथी घालून तिनं तसाच शिक्क्याचा, पण एकामागे एक दोन भिंगं आणि मध्ये हवा असलेला गॉगल शोधला. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, तो घालून अर्धा तास बसली. वाफ धरली नाही.

पुढच्या सामन्यात भाची पाचव्याच मिनिटाला बाद झाली. गोळी उजव्या डोळ्यासमोर, ऐन भिंगावर बसली होती. मैदानाबाहेर, कुंपणापलीकडे आल्यावरच तिनं गॉगल काढला आणि मावशीला मिठी मारली.

"मावशी, काहीच झालं नाही गं!"

मावशीनं गॉगल उजेडात धरला. "झालं ना. चरा पडलाय. आता हे भिंग बदलायचं."