खालच्या खडकावरच्या शंभर गोगलगायी

माझ्या सासऱ्यांनी बत्तीस वर्षं गोगलगायी फोडल्या. लग्न ठरताना हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. 'समुद्र-केंद्रात सरकारी नोकरी' एवढंच सांगितलं होतं, आणि आमच्या गावात 'सरकारी' या शब्दाच्या पुढचं ऐकायची पद्धत नाही. 'गोगलगाय नि पोटात पाय' एवढं मी शाळेत शिकलो होतो. पोटात आणखी काय काय असतं, ते सासुरवाडीला कळलं.

काम असं होतं. महिन्यातून एकदा, मोठ्या ओहोटीला, ठरलेल्या खडकावरून शंभर गोगलगायी वेचायच्या. बोराएवढ्या, काळपट. एकेकीचं कवच हातोडीने टिचवायचं, काचेच्या बशीत खारं पाणी घालून भिंगाखाली बघायचं. आत किडे दिसले तर वहीत फुली, नाहीतर टिंब. शंभर म्हणजे शंभर. नव्याण्णववर थांबायचं नाही, एकशे एकावीला हात लावायचा नाही. केंद्रात त्यांना 'शंभरराव'च म्हणत.

घरी आले की सासूबाई मोरीकडे बोट दाखवायच्या. "आधी हात. ते किडेवाले हात पातेल्याला लागले तर आज उपाशी झोपाल." बत्तीस वर्षं हेच वाक्य. चालसुद्धा तीच.

पहिल्याच भेटीत सासऱ्यांनी माझी परीक्षा घेतली.

"जावईबापू, किडा म्हणजे काय?"

"औषध मारायची गोष्ट," मी म्हणालो.

"नापास," ते म्हणाले आणि मला भिंगापाशी बसवलं. बशीत तांदळाच्या कणीएवढ्या पिशव्या होत्या, आणि त्यांतून शेपटीवाले ठिपके वळवळत बाहेर पडत होते. त्या दिवशी मी जेवलो नाही. सासूबाईंना वाटलं, जावई लाजतोय.

"याचं माहेर पक्ष्याच्या पोटात," ते सांगू लागले. "पक्षी खडकावर घाण करतो, त्यातली अंडी गोगलगाय खाते. याचं बालपण तिच्या पोटात. मग हा पोहत बाहेर पडतो, माशात शिरतो, आणि तो मासा पक्ष्याने खाल्ला की परत माहेरी. तिघांतला एक जरी गेला तरी याचा संसार मोडला."

"मोडू दे की. बिचाऱ्या गोगलगायीची सुटका."

"बिचारी? पोटात हा भाडेकरू असला की ती कमी खाते, पोरं तर होतच नाहीत. तो नसला की हीच बिचारी अख्ख्या खडकाचं शेवाळ चरून टाकते. शेवाळात माशांची पिल्लं लपतात. शेवाळ गेलं की पिल्लं गेली." ते थांबले. "सगळ्यांनी पोटभर जेवायचं म्हटलं तर समुद्र पुरत नाही, बापू."

सुरुवातीला शंभरात तीस-पस्तीस फुल्या असायच्या. मग पाणी तापू लागलं. एका कडक वर्षी फुल्या एकसष्टवर गेल्या, उबेने किडे बेफाम झाले. सासरे तेव्हा घाबरले होते. नंतर आकडा उतरायला लागला. वीस. अकरा. चार. गेलं वर्षभर एकही नाही. ओळीच्या ओळी नुसती टिंबं, मुंग्या चालल्यासारखी. खडक तर माझ्या मामाच्या डोक्यासारखा झाला होता, कडेला चार केस आणि मध्ये चकाकी.

निवृत्तीला महिना उरला असताना केंद्राच्या प्रमुख बाईंनी त्यांना बोलावलं. बाई शिकलेल्या, स्वभावाने चांगल्या. बत्तीस वर्षांचा आलेख त्या मोठ्या अहवालात घालणार होत्या. "किडे गेले, म्हणजे पक्षी आणि मासे गेले. एवढी सलग नोंद दुसऱ्या कुणाकडे नसेल," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगा. गोगलगायी कायम एकाच जागेवरच्या ना?"

"हो," सासरे म्हणाले.

घरी येऊन ते मोरीपाशी उभेच राहिले. हात धुवायचंही सुचेना. सासूबाईंनी दोनदा हाक मारली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "मी खोटं बोललो."

झालं होतं असं. नऊ वर्षांपूर्वी ते शेवाळावरून घसरले आणि गुडघा गेला. ठरलेला खडक खाली, पाण्याच्या तोंडाशी. तिथे उतरणं होईना. मग ते पायऱ्यांजवळच्या वरच्या खडकावरून वेचू लागले. गोगलगायी त्याच जातीच्या, चालतंय. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

"पण पक्षी बसायचे खालच्या खडकावर," ते म्हणाले. "वर माणसांचा राबता. तिथे पक्षी बसणार कसा, घाण करणार कशी? किडे समुद्रातून गेले की माझ्या गुडघ्यातून गेले, कुणाला ठाऊक!"

"म्हणजे आलेख चुकीचा असेल?" मी विचारलं.

"असू दे!" ते एवढ्या जोरात म्हणाले की सासूबाई बाहेर आल्या. "अरे, चुकीचाच असू दे! बाई मला हाकलून देऊ देत. नऊ वर्षांची वही फाडून टाकू देत. पण खाली किडे असू देत."

जावयाला 'अरे' म्हणाले ते हे पहिल्यांदाच.

पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला आम्ही गेलो. मी त्यांना दंडाला धरून उतरवत होतो आणि ते मला शिकवत होते की दंड कसा धरतात. "मुलगी दिलीय तुम्हाला. सासरा आहे मी, पोतं नाही." खालच्या खडकावर पोचायला अर्धा तास लागला. मी शेवाळावरून घसरायची तयारी ठेवली होती, पण घसरायला शेवाळच नव्हतं. खडक कोरडा, चरून स्वच्छ केलेला. गोगलगायी मात्र खच्चून. एकीवर एक.

वर आभाळात पक्षी नव्हते. खडकावर पांढरा डाग नव्हता. सासऱ्यांनी ते बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही दोघं वेचण्याबद्दल बोलत राहिलो.

केंद्रातल्या टेबलावर त्यांनी शंभर मोजून घेतल्या. टिच. भिंग. टिंब. टिच. भिंग. टिंब. चाळिसावीपर्यंत ते मला टोमणे मारत होते. साठावीनंतर बोलणं बंद. नव्वदीच्या पुढे ते प्रत्येक बशी दोनदा बघू लागले, मग मला बघायला लावू लागले. "तरुण डोळे आहेत. कडेला बघा. पिशवीसारखं काही?"

"नाही, बाबा."

शंभरावी फोडली. टिंब.

वही मिटायची वेळ झाली होती. त्यांनी हात पुढे करून बादलीतून आणखी एक काढली. एकशे एकावी. टिच. भिंग. मग एकशे दोनावी. वहीत आता ते काही लिहीत नव्हते. बादली संपेपर्यंत फोडत राहिले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा टेबलावर कवचांचा ढीग होता.

"शंभरराव? काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा, वरचा खडक, खोटं. बाईंनी वही जवळ ओढली, आजचं पान बघितलं.

"म्हणजे खालीही शून्य," त्या म्हणाल्या. "वरच्यासारखंच. जागा बदलल्याची नोंद करते, पण आकडा फार हलायचा नाही. तुम्ही घाबरला होतात तसं काही नाही, काका. तुमची चूक आलेखाला बाधली नाही."

सासऱ्यांनी मान हलवली. परीक्षेत नापास झालेला मुलगा हलवतो तशी.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. सकाळी आम्ही का गेलो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मोरीकडे बोट दाखवलं नाही.

"निघाला का एखादा?"

"नाही."

"नीट बघितलंत?"

"जावयांनीही बघितलं."

त्या माझ्याकडे वळल्या. "एकसुद्धा नाही?"

मी नाही म्हणालो. सासरे तसेच आत गेले, पातेल्यातून भात वाढून घेतला. सासूबाईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि आमटी वाढली.