बॉसच्या आवाजात अठ्ठावीस

स्पोर्ट्स कार, रेसिंग, सिंगापूर. एवढं वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला माहीत आहे. ते आधी पुसून टाका. मी त्या वेळी एका लाल टू-सीटरमध्ये ड्रायव्हरच्या जागी तांदूळ बसवत होतो. दहा-दहा किलोच्या आठ पिशव्या. वरून सीट बेल्ट.

आमचं गॅरेज चोआ चू कांगच्या पुढे, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. गाड्या रॅम्पवरून वर येतात. तांदूळ कशाला, तर चारी चाकांखाली चार वजनकाटे ठेवून आम्ही कुठल्या चाकावर किती भार येतो ते मोजतो. तेव्हा ड्रायव्हर आत हवा. ड्रायव्हर ऑफिसात असेल तर तांदूळ. गाडीचे मालक साठे सर. त्यांनी फोनवर स्वतःचं वजन बहात्तर सांगितलं होतं. मी त्यांना पाहिलेलं होतं. ऐंशी भरले.

साठे सर मूळचे पुण्याचे, आता इथले सिटिझन. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत रिस्क सांभाळतात. म्हणजे कोण कुठे आपटणार हे आधीच ओळखायचं. महिन्यातून एकदा पूल ओलांडून मलेशियातल्या ट्रॅकवर जातात आणि हौसेने स्वतः आपटतात. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "अरे, तू मराठी? कुठला?"

"बार्शीचा, सर."

"वा वा! बार्शी! छान." मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, "बरं, बॉस कुठायत?"

बॉस म्हणजे अंकल कोह. साठी उलटलेली, कानामागे पेन्सिल. आधी दोनदा खोकणार, मग कॉफीचा घोट, मग बोलणार. बोलतात इंग्रजीत, मी इथे मराठी करून लिहितोय, वाक्याच्या शेवटी लागणारं सिंगापुरी 'लाह' मात्र त्यांचंच. कोणाचाही फोन येवो, पहिला प्रश्न ठरलेला: "टायर गरम की गार?" दुकान किती वाजता बंद होतं असं विचारणाऱ्यालाही हेच. मी शाळेत हेडमास्तरांची नक्कल करायचो, इथे जेवणाच्या सुट्टीत अंकलची. खोकला, घोट, "टायर गरम की गार लाह?" गॅरेजमधली पोरं हसून लोळायची.

ही गाडी अंकलनी मला एकट्याला दिली होती. "गिऱ्हाईक खूश होऊन आलं तर अलाइनमेंट बे तुझी. नाहीतर परत टायर काढ-घाल." दोन वर्षं मी टायरच काढत-घालत होतो. बे म्हणजे चाकांचे कोन जुळवायची जागा, गॅरेजमधली सगळ्यात मानाची. ती मला स्वप्नात यायची.

म्हणून जीव ओतून काम केलं. पुढची चाकं वरून किंचित आत झुकवली. वळणात गाडी बाहेर कलते, तेव्हा टायर पूर्ण टेकावा म्हणून. याला कॅम्बर म्हणतात. शॉकअपवर एक नॉब असतो, फिरवला की कट-कट वाजतो. जितके कट, तितका शॉकअप कडक. मागचे मी मऊ ठेवले, पुढचे मध्यम. टायरमध्ये हवा अठ्ठावीस. हवा तापली की फुगते, ट्रॅकवर ती आपोआप चौतीसवर जाते, म्हणून गार असताना कमी भरायची. सगळं एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलं.

साठे सरांनी कागद वाचला. "हे बॉसने बघितलंय ना?"

शनिवारी दुपारी गॅरेजचा फोन वाजला. अंकल दाढ काढायला गेलेले.

"कोह आहेत का?" साठे सर, मलेशियातल्या ट्रॅकवरून. "दोनदा गरकन फिरलो. दुसऱ्या वेळी भिंत एवढ्यावर राहिली."

"सर, मी बोलतोय. नॉब कितीवर आहेत?"

"ते मी सगळे फुल हार्ड केले. यूट्यूबवर एकाने सांगितलंय. रेसिंग म्हणजे हार्ड."

"सर, मागचे कडक असले की वळणात मागची चाकं घसरतात. आत्ताच्या आत्ता मऊ करा."

"तू बॉसना दे ना फोन."

"ते डेंटिस्टकडे आहेत."

"मग नंतर बोलतो. तोवर अजून एक सेशन मारून घेतो."

तशीच गाडी घेऊन परत ट्रॅकवर जाणार होता हा माणूस. म्हटलं, "थांबा सर, आले बघा!" फोन टेबलावर आपटला, खुर्ची सरकवली, दोनदा खोकलो आणि पाण्याचा घोट घेतला.

"हां, साठे. मागचे नॉब पूर्ण मऊ कर. हवा किती?"

"चाळीस दाखवतंय, बॉस. सकाळी मीच थोडी जास्त भरली."

"अठ्ठावीसवर आण. कागदावर लिहिलंय ना? वाचता येत नाही लाह?"

"सॉरी, बॉस."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बॉसचा आवाज फुकट मिळालेला. म्हटलं, "त्या बार्शीच्या पोराचं ऐकत जा. व्हेरी गुड बॉय. चांगले हात आहेत."

"येस, बॉस. नक्की, बॉस."

सोमवारी सर पायनॅपल टार्टचा डबा घेऊन हजर. एकदाही फिरले नव्हते, फेरीची वेळही आजवरची सगळ्यात चांगली. मी मनात अलाइनमेंट बेला रंग द्यायला घेतला.

"कोह, फोनवर तुम्ही वाचवलंत. आणि या पोराचं किती कौतुक केलंत!"

अंकलचा गाल अजून सुजलेला. "मी? कौतुक?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टार्टकडे पाहिलं.

मग ते उठले आणि गाडीच्या डाव्या पुढच्या टायरवरून बोट फिरवलं. त्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवीकडची, सगळा भार याच टायरवर. बाहेरची कड सोलून निघाली होती. आतले धागे दिसत होते. आणखी दोन फेऱ्या आणि टायर फुटला असता.

कारण साधं होतं. सरांनी चाळीस मोजले ते ट्रॅकवरून आल्या आल्या, टायर तापलेले असताना. माझं अठ्ठावीस गार टायरचं. गरम टायर अठ्ठावीसवर आणला की हवा फार कमी पडते आणि वळणात टायर कडेवर लोळतो. विचारायला हवं होतं ते एकच. पण तो प्रश्न मी दोन वर्षं विनोद समजत होतो, म्हणून नेमका गंभीर वेळी गाळला.

मी सगळं कबूल केलं. साठे सर आधी लाल झाले, मग विचारात पडले. हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वेळी फोन केला तर त्याच आवाजात सांगशील का रे? तुझ्या आवाजात पटत नाही."

अंकलना मराठी येत नाही, पण काय चाललंय ते कळलं. दोनदा खोकले. घोट घेतला.

"माझा आवाज घेतलास. खोकला घेतलास. प्रश्न कुठे ठेवलास? भिंतीपासून वाचवलंस आणि टायरवर मारत होतास. गरम की गार हे विचारल्याशिवाय मी आयुष्यात कोणाला आकडा दिलेला नाही. आणि गुड बॉय? गुड बॉय मी माझ्या पोराला कधी म्हटलं नाही, तुला म्हणेन? जा, टायर काढ."

"कुठल्या गाडीचे, बॉस?"

"सगळ्यांचे लाह."