उतरलेलं वजन

सकाळी कागदाचं पहिलं रीळ काट्यावर चढायच्या आधी काका स्वतः चढायचे. चपला बाजूला, घड्याळ टेबलावर, खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात. मग श्वास सोडून सरळ उभे राहायचे आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचे. वर आणखी, "काटा झूठ बोलत नाही, भाऊ."

कागद गिरणीच्या पॅकिंग खात्यात ते काट्यावर होते आणि मी शेजारच्या टेबलावर चलनं लिहायचो. घरंही बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्याच्या एकाच गल्लीत. त्यामुळे मिलच्या बसमध्येही माझी सुटका नव्हती. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की दुसरीला जागा उरत नाही.

शुगर त्यांना पंधरा-सोळा वर्षांची. इतकी वर्षं त्यांनी ती माव्याची जिलेबी खाऊ घालून पाहुणीसारखी सांभाळली. मग काकूंना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. मुलगी इंदूरला. रोज सकाळी काकूंना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं आणि संध्याकाळी परत पलंगावर ठेवायचं, हे काम काकांवर आलं. दुपारी माझी बायको एक चक्कर मारून जायची, पण उचलायला काकू दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "तुम्ही आडवे झालात तर यांना कोण उचलणार? सात-आठ किलो उतरवा. पण हळूहळू. डाळ, दूध सोडू नका, आणि ताकदीचा व्यायाम करा." काकांनी त्यातलं 'उतरवा' तेवढं घरी आणलं.

दूध बंद झालं. डाळही बंद, कारण तिनं म्हणे अंग धरतं. डब्यात अर्धी भाकरी आणि पाण्यात शिजवलेलं दोडकं. व्यायामाचं विचारलं तर म्हणायचे, बायकोला उचलतो तोच व्यायाम. सात किलो उतरले, दहा उतरले, मग तेरा. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडून झाली. गालफडं बसली. मी म्हणालो, "काका, आता बस करा."

"अरे, रीळ हलकं भरलं म्हणजे काय झालं?" ते म्हणाले. "ओल उतरली. माल तोच राहतो."

ओला कागद जास्त भरतो, हे आमच्या खात्यात शेंबडं पोरही सांगेल. तीस वर्षं रिळं तोलून काकांनी तोच हिशोब स्वतःला लावला होता. आणि त्यांच्याकडे पुरावाही होता. "आधी तुझ्या काकूला उचलताना दोनदा दम घ्यावा लागायचा," ते बसमध्ये सांगायचे. "आता एका झटक्यात उचलतो. वजन उतरलं तशी ताकद येऊन राहिली." आम्ही शाबासकी दिली. मीही दिली. त्याची मला आजही लाज वाटते.

एका सकाळी आकडा वाचून काका काट्यावरून उतरले. काटा जमिनीपासून चार बोटं उंच. पाय वाकडा पडला आणि ते खाली बसले, बस इतकंच. आम्ही हसत हात पुढे केला. ते उठले नाहीत. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हाडांचे डॉक्टर फोटो बघत म्हणाले, जुन्या शुगरमध्ये हाडं आतून कच्ची होतात. त्यात असं उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर मांसही जातं, हाडंही जातात. काट्याला त्यातलं काय गेलं ते कळत नाही.

काका छताकडे बघत होते. "जास्त सुकवलेला कागद मशीनवर तुटतो," ते मला म्हणाले. "मला माहीत होतं रे." मग लगेच, "हिला उठवलं का कोणी?"

नव्हतं उठवलं. मी आणि बायको धावत गेलो. या वेळी काकूंनी हात लावू दिला. मी कंबर कसून हात घातला आणि जवळजवळ तोल जाऊन मागे पडलो. काकू इतक्या हलक्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

बायकोनं त्यांना नीट बसवलं आणि विचारलं, "काकू, जेवत नाही का तुम्ही?"

"दोन पोळ्यांची एक केली, मग अर्धी," काकू म्हणाल्या. जीभ जड होती, तरी शब्द कळत होते. "मला उचलताना त्यांचे हात थरथरायचे. मग मीच हलकी झाली. त्यांना सांगू नका."

नाही सांगितलं. दवाखान्यात काका रोज विचारायचे, "तुला झेपते का रे ती?" आणि मी रोज म्हणायचो, "दोघं मिळून उचलतो, काका."

महिन्याभरानं मुलगी गाडी घेऊन आली, दोघांना इंदूरला न्यायला. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. काका वॉकर धरून दारात उभे होते. मुलगी सामान लावत होती, बायको घरात होती, आणि मी विसरून काकूंना एकट्यानंच उचललं, ओटा उतरलो आणि मागच्या सीटवर ठेवलं.

मी वळलो तेव्हा काका माझ्याकडे बघत नव्हते. ते काकूंच्या हाताकडे, कोपराशी सरकलेल्या बांगड्यांकडे बघत होते. मग वॉकर सरकवत गाडीपाशी आले आणि मुलीला म्हणाले, "घरी पोचलो की आधी हिला वाढ."

"आधी त्यांना," काकू आतून म्हणाल्या.

"मी सांगतो ना, आधी हिला."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हाही त्यांचं ठरलं नव्हतं.